पिक्सेलला न दिसणारी कटिंग: कळवा-मुंब्रा उतारावरचा दरडप्रवणता नकाशा

कळवा पूर्वेपासून मुंब्र्यापर्यंत पारसिक डोंगराच्या खाडीकडच्या अंगाला वस्ती चढत गेली आहे. डोंगराच्या पोटातून 1916 साली खुला झालेला सुमारे 1.3 किलोमीटरचा रेल्वे बोगदा जातो आणि त्याच्या माथ्यावरही घरं आहेत. 19 जुलै 2021 रोजी याच पट्ट्यातल्या घोलाईनगरात दरड घरावर आली आणि एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. (बेलापूरलाही पारसिक हिल आहे. इथे बोलणं चाललंय ते कळवा-मुंब्रा बाजूचं.)

दर मे महिन्यात डोंगरउतारावरच्या घरांना नोटिसा जातात. नोटीस सगळ्यांनाच येते, त्यामुळे ती कोणालाच आली नाही असं होतं. प्रभाग कार्यालयाला खरी गरज असते ती छोट्या यादीची: रात्री मुसळधार पावसाचा इशारा आला तर आधी कोणती चाळ रिकामी करायची, आणि त्या चाळीतली कोणती चार घरं. दरडप्रवणता नकाशाने, म्हणजे दरड कुठून सुटू शकते ते दाखवणाऱ्या नकाशाने, हे सांगावं अशी अपेक्षा असते. बहुतेक नकाशे सांगत नाहीत. गणित त्यांचं बरोबर असतं. ते मोजतात डोंगर, आणि वस्तीत पडते ती डोंगराला घातलेली कटिंग, म्हणजे घराला जागा करायला उभा कापलेला उतार.

हाताशी असलेला नकाशा आणि त्याची मर्यादा

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 2014 पासून राष्ट्रीय दरडप्रवणता नकाशांकनाचं काम हाती घेतलं. प्रमाण 1:50,000. कुठल्या तालुक्यात लक्ष घालायचं, नवा रस्ता कुठून न्यायचा, यासाठी हा नकाशा उत्तम. पण या प्रमाणावर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 50 मीटर. वस्तीतली अख्खी चाळ, तिच्यामागची कटिंग आणि खालची गल्ली त्या एका मिलिमीटरात मावते. असा नकाशा मोठा करून त्यावर घर शोधणारे पुष्कळ भेटतात. मोठा केल्याने अक्षरं मोठी होतात, माहिती तेवढीच राहते.

मग स्वतःचा नकाशा करायचा तर पहिली गरज उंचीच्या आकडेवारीची, म्हणजे डीईएमची. अवकाशयानातल्या रडारने मोजलेलं, फुकट मिळणारं एसआरटीएम आणि इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचं कार्टोडेम दोन्ही 30 मीटरचं, म्हणजे 30 मीटरच्या एका चौकटीला (पिक्सेलला) उंचीचा एकच आकडा. अनेक जण जपानी उपग्रहाचं 12.5 मीटरचं अलोस पालसार उतरवतात आणि प्रकल्प अहवालात ‘उच्च विभेदन’ असं लिहितात. त्या संचासोबत येणारी उंचीची फाइल बहुतेक ठिकाणी जुन्या एसआरटीएमचीच बारीक चाळलेली प्रत असते. खडे तेच, चाळणी बदललेली. शिवाय तिच्यातली उंची समुद्रसपाटीवरून नसून पृथ्वीच्या आकाराशी जुळवलेल्या काल्पनिक लंबगोल पृष्ठावरून मोजलेली असते. दुसऱ्या स्रोताशी जोडली की कितीतरी मीटरचा फरक पडतो आणि तो ‘जमीन खचली’ म्हणून वाचला जातो.

30 मीटरचं डीईएम वस्तीत नक्की काय लपवतं? 25 अंशांचा उतार घ्या. घरासाठी 5 मीटर उंच उभी कटिंग मारली आणि निघालेला मुरूम पुढे ढकलून सपाटी केली. आता जागेवर जवळजवळ 90 अंशांचा कडा आहे, त्यापुढे 0 अंशाची सपाटी आणि तिच्या खाली सैल भरावाचा उतार. पण 30 मीटरच्या चौकटीत वरच्या आणि खालच्या टोकाची उंची पूर्वी होती तेवढीच आहे. संगणक सरासरी काढतो आणि सांगतो: 25 अंश. कटिंगच्या आधीही 25, नंतरही 25. त्या चौकटीत शंभर कटिंग मारा, आकडा हलणार नाही. म्हणजे ज्या कृतीने धोका तयार झाला तीच नेमकी नकाशातून गळते.

एक मीटर किंवा त्याहून बारीक डीईएम हवं. ड्रोनने फोटो घेऊन केलेलं मॉडेल स्वस्त पडतं, पण ते पत्र्यांचा, ताडपत्र्यांचा आणि झाडांच्या शेंड्यांचा पृष्ठभाग देतं. घराच्या मागची दीड मीटरची फट, जिथे कटिंगचा पाय असतो, ती छपराच्या सावलीत जाते. लायडार (लेझरने उंची मोजणं) परवडत असेल तर उत्तम, तरी दाट छपरांखाली तोही आंधळाच. उड्डाणाआधी ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय पोर्टलवर तो भाग कोणत्या झोनमध्ये येतो ते पाहावं. उड्डाण शक्यतो मे महिन्यात करावं: गवत वाळलेलं असतं आणि पावसाआधीची ताजी कटिंग तांबूस जखमेसारखी वरूनच दिसते.

डोंगराच्या पोटात

इथला खडक दख्खनचा बेसॉल्ट, लाव्ह्याच्या थरावर थर. घट्ट काळा दगड, त्यावर किंवा त्याखाली बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा मांजऱ्या, आणि दोन थरांच्या मध्ये अधूनमधून गेरूसारखा तांबडा मातकट पट्टा. काळ्या दगडाच्या सांध्यांतून उतरलेलं पाणी या तांबड्या पट्ट्यावर अडतं आणि आडवं बाहेर येतं. पनवेल फ्लेक्शर नावाच्या वाकामुळे या भागातले थर पश्चिमेकडे झुकलेले आहेत. पश्चिमेकडे तोंड असलेल्या उतारावर याचा अर्थ असा की आतलं पाणी वस्तीच्या दिशेनेच बाहेर पडतं. जुलैत उतारावर एका उंचीवर नेचे, शेवाळ आणि झिरपे एका ओळीत दिसले तर ती ओळ नकाशावर उतरवावी. भूवैज्ञानिक नकाशात नसलेला तांबडा पट्टा बहुतेकदा तिथेच सापडतो.

वरच्या दोन-चार मीटरांत दगड कुजून मुरूम होतो, तोही एकसारखा नाही. कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि मधला गाभा गोल धोंडा म्हणून शिल्लक राहतो. भोवतीचा मुरूम धुपला की धोंडा सुटतो. म्हणून इथे दोन वेगळ्या घटना घडतात: मुरुमाची लोळण आणि सुट्या धोंड्याची घरंगळ. दोन्हींची नोंद ‘दरड’ या एकाच शब्दाखाली झाली की पुढचं सगळं विश्लेषण गढूळ होतं.

मेमध्ये उभी असलेली कटिंग जुलैत का पडते, याचं उत्तर चार ओळींच्या हिशेबात आहे. मुरूममातीचं वजन 18 किलोन्यूटन प्रति घनमीटर आणि अंतर्गत घर्षणकोन 30 अंश धरा. कोरड्या मुरुमाला आतल्या ओढीमुळे चिकटपणा येतो. तो 20 किलोपास्कल मानला तर उभी कटिंग सैद्धांतिकदृष्ट्या 7.7 मीटरपर्यंत टिकते. माती भिजली, ओढ गेली, चिकटपणा 5 वर आला, की तीच उंची 1.9 मीटरवर येते. माती तीच, खोदणारा तोच. ‘एवढी वर्षं उभी आहे, काही झालं नाही’ या वाक्यामागे ती कधी पूर्ण भिजलीच नव्हती एवढंच असू शकतं.

न कापलेल्या उताराचाही असाच हिशेब करता येतो. 30 अंशांचा उतार, त्यावर 2 मीटर माती, चिकटपणा 5 किलोपास्कल. पाणी नसताना सुरक्षितता गुणांक (1 च्या खाली गेला की उतार सुटतो) 1.32 येतो, पूर्ण भिजल्यावर 0.78. खडकाच्या पृष्ठापासून मातीत पाणी 1.2 मीटरच्या आसपास चढलं की गुणांक 1 होतो. हे आकडे नमुन्याचे आहेत; प्रत्यक्ष मातीची चाचणी केल्याशिवाय ते अहवालात घालू नयेत. पण कोणत्या गोष्टीने निकाल किती हलतो ते यातून कळतं. उताराच्या कोनापेक्षा इथे पाणी जास्त बोलतं.

आकाशातलं पाणी आणि नळाचं पाणी

ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वस्तीच्या उतारावर त्याशिवाय आणखी एक पाऊस असतो, त्याची नोंद कोणत्याच पर्जन्यमापकात होत नाही. शंभर घरं घ्या, गल्ल्या धरून पाव हेक्टर जागेत. घरात पाच माणसं, माणशी 60 लिटर पाणी. रोज 30,000 लिटर झाले. ते त्या 2,500 चौरस मीटरवर पसरलं तर रोजचा 12 मिलिमीटर पाऊस, वर्षाचा 4,380. यातला चौथा भाग जरी मोरीच्या फुटक्या गटारातून आणि शोषखड्ड्यातून जमिनीत मुरला, तरी उतार जूनमध्ये कोरडा नसतो. खरा पावसाळा सुरू होतो तेव्हा मातीची पाणी पिण्याची ताकद आधीच कमी झालेली असते.

म्हणून नकाशात ‘नाल्यापासून अंतर’ हा नेहमीचा थर पुरत नाही. पाण्याच्या टाक्या, सार्वजनिक शौचालयांच्या सेप्टिक टाक्या, उघडी गटारं आणि सगळ्यात वाईट म्हणजे गटार जिथे संपतं ती जागा, हे बिंदू स्वतंत्र घ्यावे लागतात. गटार संपतं तिथे ते सरळ खालच्या घराच्या कटिंगच्या माथ्यावर सुटलेलं असतं. उतारावरची बरीच जमीन वन विभागाची. तिथे पक्कं गटार कोणी बांधायचं हा प्रश्न सुटत नाही, आणि पाणी तोवर थांबत नाही.

पावसाच्याच बाबतीत एक चूक वारंवार होते. तीन-चार पर्जन्यमापकांचे आकडे घेऊन पूर्ण पट्ट्यावर रंगीत पाऊसथर पसरवतात आणि त्याला प्रवणतेत गुण देतात. पाच किलोमीटरच्या पट्ट्यात हा फरक मापकांच्या जागेचा असतो, डोंगराचा नसतो. पाऊस दरड सुरू करतो. प्रवणता म्हणजे जमिनीची तयारी. पाऊस इशाऱ्याच्या कोष्टकात जावा, नकाशात नको.

जुन्या दरडींची यादी

सांख्यिकी पद्धत कुठलीही वापरा, ती जुन्या दरडींवरून शिकते. ठाण्यात अशा घटना महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे आणि अग्निशमन दलाकडे नोंदल्या जातात. नोंदीत पत्ता असतो चाळीचा, म्हणजे दरड जिथे येऊन थांबली तिथला. नकाशाला हवी असते ती जिथून सुटली ती जागा. दोन्हींत 20-30 मीटरचं अंतर असलं तरी उताराचा वर्ग बदलतो: सुटली 40 अंशांवरून, नोंदली 10 अंशांवर. मग संगणक इमानदारीने निष्कर्ष काढतो की सौम्य उतार धोक्याचे. प्रत्येक नोंद उपग्रहचित्रावर उघडून माथ्याची जागा हाताने ठरवावी. कंटाळवाणं काम आहे, दुसरा रस्ता नाही.

दुसरा दोष याहून अवघड. जिथे घर दबतं तिथलीच दरड नोंदली जाते. रानात पडलेली कोणी कळवत नाही. त्यामुळे ‘वस्तीपासून अंतर’ हा घटक घातला की मॉडेल दरड न शिकता नोंद कुठे होते ते शिकतं. रानातल्या दरडी दोन वेगवेगळ्या वर्षांच्या उपग्रहचित्रांवरून स्वतः शोधून यादीत घातल्याखेरीज हा घटक वापरू नये.

वारंवारता गुणोत्तराची पद्धत सोपी म्हणून लोकप्रिय आहे. समजा एकूण दरडींतल्या 30 टक्के दरडी 26 ते 35 अंशांच्या वर्गात आहेत आणि त्या वर्गाचं क्षेत्र एकूण क्षेत्राच्या 12 टक्के आहे. गुणोत्तर 2.5. एकाहून जास्त म्हणजे वर्ग दरडींना अनुकूल. सगळ्या घटकांचे आकडे जोडले की नकाशा तयार. 70 टक्के दरडींवर शिकवायचं, 30 टक्क्यांवर तपासायचं. आणि मग अहवालात 0.9 च्या वरचा एयूसी झळकतो, म्हणजे दरडीची आणि बिनदरडीची जागा मॉडेल किती नीट वेगळी ओळखतं ते सांगणारा आकडा; 1 म्हणजे पैकीच्या पैकी.

तो आकडा वाचण्याआधी अभ्यासक्षेत्राची सीमा कुठे आखली आहे ते पाहा. प्रभागाच्या हद्दीने आखली असेल तर खाडीकाठचा सपाट भाग आणि रेल्वेचं यार्डही आत येतं. सपाटीवर दरड पडत नाही हे ओळखायला मॉडेल लागत नाही. पण त्या प्रत्येक सपाट चौकटीचे गुण मॉडेलला मिळतात. सपाट भाग कापून फक्त उतारावर तीच तपासणी केली की आकडा खाली येतो, आणि तोच खरा. तपासणीच्या दरडीही यादृच्छिक निवडू नयेत. एकाच चाळीमागच्या चार दरडींतल्या तीन शिकायला आणि एक परीक्षेला, हे उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पेपर लिहिण्यासारखं. कळव्यावर शिकवावं, मुंब्र्यावर तपासावं.

घटना मोजक्या असतील तर गुणपद्धती बरी. भारतीय मानक 14496 च्या 1998 सालच्या दुसऱ्या भागात ती दिलेली आहे: खडकप्रकार, संरचना, उतार आणि भूवापर यांना कमाल 2-2 गुण, सापेक्ष उंची आणि भूजल यांना 1-1, एकूण 10. साडेसातच्या वर गेलेला उतारफलक, म्हणजे उताराचा एकसारखा तुकडा, अतिधोक्याचा. पद्धत विचारपूर्वक केलेली आहे, पण डोंगराळ प्रदेशातल्या रस्ते-धरणांच्या कामासाठी. कळव्यात ती जशीच्या तशी लावली तर दोन ठिकाणी फसते. पूर्ण 1 गुणासाठी सापेक्ष उंची, म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंतची, 300 मीटरच्या वर लागते. इथे तो गुण मिळणं कठीण, पण घर दाबायला 8 मीटरची कटिंग पुरते. आणि भूवापरात उजाड जमिनीला पूर्ण 2 गुण, तर वस्तीच्या सपाटीला सर्वांत कमी. उतारावर कापून बसवलेली वस्ती त्या रकान्यात टाकली की नकाशा तिथे हिरवा, म्हणजे सुरक्षित, होतो. अशा वस्तीला भूवापरात उजाड जमिनीइतकेच गुण द्यावेत, आणि सापेक्ष उंचीच्या जागी कटिंगची उंची घ्यावी. हे बदल अहवालात पहिल्याच पानावर लिहावेत. मानकाचं नाव घेऊन गुपचूप बदललेली पद्धत पुढच्या अभियंत्याला गोत्यात आणते.

कटिंगची नोंदवही

म्हणून काम दोन पातळ्यांवर करावं. 1:5,000 वर उतारांचा नकाशा, त्यातून जास्त धोक्याचे लाल आणि नारिंगी पट्टे निवडायचे. आणि त्या पट्ट्यांत प्रत्येक कटिंगला क्रमांक. हाँगकाँगने हे फार पूर्वी केलं. तिथलं भू-तांत्रिक कार्यालय 1977 पासून काम करतं आणि सुमारे 60,000 मानवनिर्मित उतार त्यांच्या यादीत क्रमांकासह आहेत. आपल्याकडे एका वस्तीत दोन-तीनशे क्रमांक निघाले तरी दोन माणसांच्या तुकडीला ते झेपतं; एका कटिंगला 15-20 मिनिटं लागतात.

साहित्य साधं: 5 मीटरचा टेप, लांब काठी, कोन मोजायचा क्लिनोमीटर (फोनमधलाही चालतो), ड्रोनच्या चित्राची मोठी छापील प्रत. फोनच्या जीपीएसवर भरवसा ठेवू नये. अरुंद गल्लीत तो दहा मीटर इकडेतिकडे सहज जातो, म्हणजे बिंदू पलीकडच्या कटिंगवर पडतो. छपरं मोजून छापील चित्रावर खूण करावी.

घराच्या मागच्या फटीत शिरलं की पहिलं माप कटिंगच्या पायापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराचं. मग कटिंगची उंची आणि कोन. मुरूम, दगड की भराव: भरावात प्लास्टिकच्या पिशव्या, विटांचे तुकडे, कापड दिसतं आणि काठी सहज खुपसते. माथ्यावर जाऊन कड्याला समांतर भेग आहे का पाहायचं. असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून अंतर लिहून ठेवायचं. वरच्या घराचं सांडपाणी कुठे सुटतं. विजेचा खांब किंवा झाडाचं खोड तिरकं झालंय का. आणि घरातल्या बाईंना एक प्रश्न: ‘पावसात मागच्या भिंतीतून पाणी फुटतं का, आणि गढूळ येतं की स्वच्छ?’ स्वच्छ पाणी म्हणजे झिरपा. गढूळ म्हणजे आतली माती वाहते आहे, त्या कटिंगची धोक्याची पातळी लगेच वर न्यावी. ही फेरी मे महिन्यात एकदा आणि जुलैत चांगला पाऊस झाल्यावर पुन्हा करावी लागते. कोरड्यात झिरप्याचा रकाना भरताच येत नाही.

संरक्षक भिंत दिसली की कटिंग सुरक्षित असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. भिंतीत पाणी काढणारी भोकं आहेत का ते पाहावं. 4 मीटर उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ साचलं तर नुसत्या पाण्याचा रेटा दर मीटर लांबीला 78 किलोन्यूटन, जवळपास 8 टन. मातीचा त्याहून वेगळा. भोकं आहेत पण आत गोण्या कोंबल्या आहेत, किंवा ती प्लास्टर करताना बुजवली आहेत, हेही नेहमीचं. अशी भिंत कटिंगपेक्षा वाईट: ती एकदम पडते आणि दगडांसकट पडते.

पायथ्याचं हिरवं घर

प्रवणता नकाशा सांगतो दरड कुठून सुटेल. ती कुठे पोचेल हे तो सांगत नाही, म्हणून पायथ्याला सपाटीवर असलेलं घर नकाशात हिरवं दिसतं आणि मातीखाली जातं. हा दोष सुधारायला भारी सॉफ्टवेअर लागत नाही. लाल पट्ट्याच्या माथ्यापासून 30 अंशांच्या कोनात खाली रेषा काढायची. ती जिथे जमिनीला टेकते तिथपर्यंतची सगळी घरं पोचक्षेत्रात. माथा 20 मीटर उंच असेल तर आडवं अंतर सुमारे 35 मीटर. सुट्या धोंड्यांसाठी कोन आणखी कमी, 27-28 अंशांचा धरतात, कारण धोंडा लांब घरंगळतो. मधल्या पक्क्या घरांनी दरड अडेल असं गृहीत धरू नये.

शेवटी प्रभाग कार्यालयाच्या हातात नकाशा नव्हे, तक्ता द्यायचा: कटिंग क्रमांक, धोक्याची पातळी, पोचक्षेत्रातली घरं, त्यांतली माणसं, जवळची शाळा, माथ्यावरचं कोणतं गटार कोणी साफ करायचं. इशाऱ्याची पातळी ठरवताना जुन्या प्रत्येक घटनेच्या आधीच्या 24 आणि 72 तासांचा पाऊस आलेखावर मांडावा. तोपर्यंत हवामान खात्याच्या अतिमुसळधार वर्गाची खालची सीमा, 24 तासांत 115.6 मिलिमीटर, ही कामचलाऊ पातळी धरता येते. सलग तीन दिवस भिजपाऊस असेल तर त्याच्याही आधी हलवावं. हलवायचं ते दिवसाउजेडी. रात्री दोन वाजता ओल्या पायऱ्यांवरून म्हाताऱ्या माणसांना उतरवणं हाही एक धोकाच आहे.

नोंदवही एका वर्षात जुनी होते. पुढच्या मेमध्ये त्याच उंचीवरून पुन्हा उड्डाण करून दोन मॉडेलांची वजाबाकी करावी. एक मीटरहून जास्त फरक जिथे दिसेल तिथे माणूस पाठवावा: कुठे नवं छप्पर असेल, कुठे तोडलेलं झाड, आणि कुठे मागच्या वर्षी 3 मीटरची असलेली कटिंग आणखी एक खोली मागे सरकवण्यासाठी साडेचार मीटरची झालेली.